ठाणे की नवी मुंबई? फ्लॅट बघण्याआधीचे तीन दिवस

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरचं एक कुटुंब जूनमध्ये इकडे राहायला येतंय. ताईंची नोकरी परळला, केईएम रुग्णालयाच्या बाजूला. यजमानांची महाप्याला, एमआयडीसीत. मुलगी सातवीत जाणार, सोबत सत्तरीच्या सासूबाई आहेत आणि त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे. दोन बेडरूमचं घर भाड्याने हवंय, आणि पाहणीसाठी तीन दिवस मिळणार आहेत. ठाण्यात बघावं की नवी मुंबईत, आणि तीन दिवसांत नेमकं काय बघावं?

ताई, पहिले दोन दिवस एकही फ्लॅट बघू नका. एजंट साधारण अकरा-बाराला बोलावतो. तोवर नळाला पाणी येऊन गेलेलं असतं, रस्ते मोकळे झालेले असतात आणि उजेडात हॉल मोठा वाटतो. ज्या गोष्टींनी नंतर वर्षभर त्रास होतो, त्यातली एकही त्या वेळी दिसत नाही. आधी दोघांचा प्रवास प्रत्यक्ष करून बघा, मग पाणी आणि जमीन बघा. घरं तिसऱ्या दिवशी.

दिवस निवडतानाच चूक होते. रविवार नको. मध्य आणि हार्बर मार्गावर रविवारी दुपारी बहुतेक वेळा मेगाब्लॉक असतो. गाड्या कमी, गर्दीही वेगळी, त्यामुळे त्या दिवशीच्या प्रवासावरून काहीच कळत नाही. मे महिनाही फसवा आहे. शाळांना सुट्टी, चाकरमानी गावाला गेलेले, म्हणून घोडबंदर रोडसुद्धा मोकळा वाटतो. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातले गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार घ्या. उतरायचं ठिकाण आदल्या रात्री, म्हणजे बुधवारी, ठाण्यात आणि गुरुवारी रात्री वाशीत ठेवा, म्हणजे दोन्हीकडची सकाळ हाताला लागेल.

आता रुळांचा हिशेब. ठाणे मध्य मार्गावर आहे. वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूर, खारघर आणि पनवेल हार्बरवर. या दोन्हींना जोडणारी ट्रान्स हार्बर ठाण्याहून ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे करत तुर्भ्याला येते. तिथे फाटा फुटतो: काही गाड्या सानपाडा-वाशीला जातात, काही जुईनगर-नेरूळमार्गे पनवेलकडे. महाप्यासाठी कोपरखैरणे किंवा घणसोलीला उतरून शेअर रिक्षा, एनएमएमटीची बस किंवा कंपनीची बस धरायची. म्हणजे यजमानांना दोन्ही बाजूंनी सोपं आहे. निर्णय तुमच्या परळवर अवलंबून आहे, कारण लांबचा आणि गर्दीचा प्रवास तुमचा आहे.

ठाण्याहून परळला दोन प्रकारे जाता येतं. फास्टने दादर आणि तिथून स्लोने पुढचं एक स्टेशन, किंवा ठाण्याहूनच सुटणारी स्लो लोकल. दुसरीत दहा-पंधरा मिनिटं जास्त जातात, पण बसायला मिळण्याची शक्यता असते आणि दादरचा जिना चढावा लागत नाही. रोजच्यासाठी मी ठाण्याहून सुटणारी स्लोच सुचवेन. सकाळची कर्जत-कसाऱ्याकडून आलेली फास्ट ठाण्याला भरूनच येते.

वाशीहून जायचं तर बहुतेक लोक कुर्ल्याला गाडी बदलायला सांगतात. सकाळी नऊला कुर्ल्याच्या पुलावर एकदा उभ्या राहून बघा, म्हणजे तो पर्याय आपोआप मागे पडेल. केईएमच्या बाजूला जायचं असेल तर हार्बरवरच बसून राहा आणि शिवडीला उतरा. वाशीहून शिवडी साधारण पस्तीस-चाळीस मिनिटांवर आहे. तिथून परळच्या रुग्णालयांकडे बस किंवा टॅक्सीने जाता येतं. वाशीहूनच सुटणाऱ्या काही सीएसएमटी लोकलही आहेत. नेरूळला मात्र सकाळी पनवेलहून आलेली गाडी बऱ्यापैकी भरलेली मिळते. वाशी आणि नेरूळमधला हा फरक नकाशावर दिसत नाही.

प्रवासाची चाचणी अशी करा. गुरुवारी सकाळी तुम्ही दोघं ठाण्यात जिथे घर बघायचा विचार आहे त्या रस्त्यावरून निघा, तुमच्या खऱ्या वेळेला. वहीत पाच टप्प्यांची वेळ लिहा: घरापासून निघालो, फलाटावर पोचलो, गाडीत चढलो, गाडीतून उतरलो, ऑफिसच्या दारात पोचलो. दुसऱ्या आणि तिसऱ्या नोंदीतलं अंतर सगळ्यात महत्त्वाचं, कारण किती गाड्या सोडाव्या लागल्या ते त्यात कळतं. तुम्ही स्वतः लेडीज डब्यातूनच जा. जनरल डब्यातून यजमानांनी केलेल्या अंदाजाचा तुम्हाला उपयोग नाही. त्याच वेळी यजमानांनी ठाण्याहून ट्रान्स हार्बर धरावी. या मार्गावर सकाळची गर्दी ठाण्याकडून ऐरोली-घणसोलीच्या दिशेने असते आणि संध्याकाळी उलटी. म्हणजे घर वाशी-सानपाड्याला असेल तर ते गर्दीच्या विरुद्ध दिशेने जातील. शुक्रवारी हेच वाशीहून करा. परतीचा प्रवासही हवाच, संध्याकाळी सहा ते साडेसातमध्ये. सकाळ लोक कशीतरी निभावून नेतात, नंतर कंटाळून घर बदलतात ते संध्याकाळच्या परतीमुळे.

स्टेशनपासून घरापर्यंतचा शेवटचा तुकडा पायी चाला. 'स्टेशनपासून दहा मिनिटं' असं जाहिरातीत असेल तर चालत की रिक्षाने, आणि किती वाजता, हे विचारा. मुंबई महानगर प्रदेशात रिक्षाचं किमान भाडं दीड किलोमीटरला २६ रुपये आहे. रोज दोन्ही वेळा रिक्षा लागली तर महिन्याला तेराशे रुपये इथेच गेले, आणि रात्री साडेनऊला रांगेत उभं राहणं वेगळं. स्टेशनजवळचं घर दोन हजारांनी महाग असेल तरी दोघं नोकरी करणाऱ्यांना बहुतेक वेळा तेच परवडतं.

आता एकेका भागाबद्दल.

ठाण्यात तुमच्यासाठी नौपाडा, पाचपाखाडी आणि पूर्वेचं कोपरी एवढंच बघा. नौपाडा-पाचपाखाडी हे जुनं मराठी ठाणं. भाजी, दवाखाना, शाळा, देऊळ सगळं पायाखाली. गडकरी रंगायतन आणि १८९३ पासूनचं मराठी ग्रंथ संग्रहालयही इथेच. सासूबाईंना ओळखी व्हायला आठवडा लागणार नाही. अडचण इमारतींची आहे: अनेक जुन्या, तीन-चार मजली, लिफ्ट नसलेल्या. शिवाय पुनर्विकासाची चर्चा चालू असलेली सोसायटी असेल तर अकरा महिन्यांच्या आत घर सोडायला सांगितलं जाऊ शकतं. एजंटला नव्हे, सोसायटीच्या सचिवांना थेट विचारा: विकासकाशी करार झालाय का? नोटीस बोर्डावर विशेष सर्वसाधारण सभेची सूचना दिसली तर ती वाचा. आणि वंदना टॉकीज, चिखलवाडी हा सखल पट्टा आहे. जोराच्या पावसात इथे पाणी साचतं हे ठाण्यात सगळ्यांना माहीत आहे, तळमजला तिथे घेऊ नका.

घोडबंदर रोडचे टॉवर बघून मन वळेल. स्विमिंग पूल, बाग, क्लब हाऊस, आणि त्याच भाड्यात मोठं घर. पण कासारवडवलीपासून ठाणे स्टेशन दहा किलोमीटरच्या आसपास आहे, आणि त्याच रस्त्यावरून उरणच्या बंदराकडून गुजरातकडे जाणारी अवजड वाहनं जातात. गायमुख घाटात एक ट्रेलर बंद पडला की रांग मागे पसरत येते. वडाळा ते कासारवडवली मेट्रो ४ च्या भरवशावर घर विकत घेणाऱ्यांचं गणित वेगळं. अकरा महिन्यांच्या भाडेकरूने आज जी गाडी धावतेय तीच मोजावी. परळच्या नोकरीसाठी हा भाग मी सुचवणार नाही.

कळवा-खारेगाव स्वस्त आहे. पण कळव्याला फास्ट थांबत नाही आणि सकाळच्या स्लो लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते. हा पर्याय सोडून द्या.

ऐरोली चांगला मधला पर्याय आहे. सिडकोचे (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचे) आखीव रस्ते, यजमानांना महापे अगदी जवळ, तुम्ही सकाळी ठाण्याकडे उलट्या दिशेने जाणार आणि तिथून स्लो धरणार. एक गाडी जास्त बदलावी लागते एवढंच. ऐरोली पुलावरून मुलुंडही जवळ आहे, आणि ऑक्टोबर २०२४ पासून त्या नाक्यावर हलक्या वाहनांना टोल नाही.

कोपरखैरणे यजमानांना फार सोयीचं, पण तिथल्या बऱ्याच सेक्टरांत माथाडी कामगारांसाठी दिलेल्या छोट्या भूखंडांवर अंगाला अंग लावून घरं वाढली आहेत. गाडी असेल तर ती लावायची कुठे हा रोजचा प्रश्न होईल. सोसायट्यांचे सेक्टर वेगळे आहेत, तेवढेच बघा.

वाशी-सानपाडा ही माझी पहिली पसंती. सानपाड्याला हार्बर आणि ट्रान्स हार्बर दोन्ही मिळतात. वाशीला तेच, शिवाय तिथूनच सुटणाऱ्या लोकल, महापालिकेचं रुग्णालय, विष्णुदास भावे नाट्यगृह आणि बाजार. भाडं इथे जास्त आहे. बजेटमध्ये बसत नसेल तर जुईनगर आणि नेरूळ पूर्व बघा. जुन्या सिडकोच्या इमारती चार मजली, बिनलिफ्टच्या असतात. सासूबाईंसाठी तिथे पहिला मजला किंवा तळमजलाच हवा.

खारघरला घर मोठं मिळेल, हवा मोकळी, डोंगर समोर. पण परळच्या दृष्टीने ते वाशी-सानपाड्याहून आणखी पाच-सहा स्टेशनं लांब आहे, आणि सेक्टर ३० च्या पुढे गेलात तर खारघर स्टेशनच मैलोगणती दूर. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली बेलापूर–पेंधर मेट्रो खारघरच्या पोटातून जाते, मात्र ती रेल्वेला बेलापूरला जोडते, खारघर स्टेशनला नाही. हे ध्यानात न घेता लोक 'मेट्रो आहे' म्हणून घर घेतात. उलव्याचं भाडं अजून मोहात पाडेल. अटल सेतू जवळ आहे, पण गाडीचा एका बाजूचा टोल २५० रुपये. रोजच्या नोकरीसाठी तो रस्ता नाही, आणि उरण मार्गावरच्या लोकलमध्ये अंतर फार आहे.

पत्त्याबाबत एक सूचना. कोल्हापुरात पेठ सांगितली की माणूस पोचतो. इथे प्रत्येक नोडला, म्हणजे वाशी-नेरूळसारख्या वसवलेल्या भागाला, सेक्टरचे आकडे एकपासून सुरू होतात. सेक्टर १० वाशीलाही आहे, नेरूळलाही आणि ऐरोलीलाही. नोड, सेक्टर आणि प्लॉट नंबर तिन्ही लिहून घ्या. शिवाय सेक्टर आणि गावठाण यात फरक करा. जुहूगाव, सारसोळे, करावे, दारावे ही मूळची गावं आहेत. त्यांच्या आत उभ्या राहिलेल्या इमारतींत भाडं कमी असतं, पण पुष्कळांना भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) नसतं आणि गल्लीत अग्निशमनाची गाडी वळत नाही. भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मागा. नाही म्हटलं तर पुढचं घर बघा.

पाण्याकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, खालापूर तालुक्यात. त्यामुळे तिच्या हद्दीत पाण्याची ओरड तुलनेने कमी. खारघर बेलापूरला चिकटून असलं तरी ते पनवेल महापालिकेत, रायगड जिल्ह्यात येतं. तिथे पाणी सिडकोकडून येतं आणि उन्हाळ्यात टंचाईची आंदोलनं होतात. ठाण्याला स्वतःचं धरण नाही. महापालिकेची योजना, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा वेगवेगळ्या स्रोतांतून पाणी येतं, म्हणून एका भागात पाणी बंद असताना दुसऱ्यात चालू असतं. घोडबंदरच्या अनेक सोसायट्या टँकरवर चालतात.

हिशेब करून बघा. माणशी दिवसाला १३५ लिटर धरलं तर तुमच्या चार माणसांना ५४० लिटर लागतं. दहा हजार लिटरचा टँकर अशा अठरा घरांना एक दिवस पुरतो. बहात्तर फ्लॅटची सोसायटी पूर्ण टँकरवर गेली तर रोज चार टँकर. हा खर्च मेंटेनन्समध्ये धरलेला असतो की भाडेकरूकडून वेगळा घेतात, हे विचारा. आणि हे एजंटला विचारून उपयोग नाही. सकाळी साडेसहा-सातला सोसायटीच्या गेटवर जा, वॉचमनला विचारा: पाणी किती वाजता सोडतात, किती वेळ, काल टँकर आला होता का? एप्रिलमध्ये मिळालेलं उत्तर मे महिन्यात अजून वाईट होईल असं धरूनच चला.

जमिनीबद्दल. सिडकोने खाडीकाठचे नोड भरतीच्या पातळीखालच्या जमिनीवर वसवले आणि पावसाचं पाणी साठवायला धारण तलाव बांधले. तलावाच्या तोंडाला झडपा असतात. भरती आली की त्या बंद होतात, ओहोटीला पाणी खाडीत जातं. वाशीचं मिनी सीशोर आणि नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई, जिथे लोक संध्याकाळी फिरायला येतात, तेही असेच तलाव आहेत. मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की सखल सेक्टरांत पाणी थांबतं. कळंबोली तर या बाबतीत जास्तच खोलगट आहे. एप्रिलमध्ये पाऊस दिसणार नाही, म्हणून खुणा वाचा. पार्किंगच्या खांबांवर एका उंचीला मातकट रेघ आहे का? विजेचे मीटर जमिनीपासून किती वर बसवलेत? तळमजल्याच्या दुकानांच्या दाराला फळी सरकवायच्या खाचा आहेत का? उंबरा नंतर वाढवलेला दिसतो का? दुकानदार एवढा खर्च उगाच करत नाही.

हवेचा अंदाज रात्रीच येतो. तळोजा एमआयडीसीच्या वासाच्या तक्रारी खारघर, कामोठे, कळंबोलीतून येतात, ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याच्या वाशी-कोपरखैरण्यातून. वास रात्री अकरानंतर आणि पहाटे जास्त, थंडीत सर्वात जास्त. वाशीत मुक्काम आहे त्या रात्री साडेअकराला निवडलेल्या सेक्टरात एक चक्कर मारा. समोरच्या औषधाच्या दुकानात विचारलं तर हिवाळ्याचंही कळेल.

शाळेचं लवकर बघा. सातवीला मधेच प्रवेश म्हणजे जागा शिल्लक असेल तरच. शुक्रवारी दुपारी, गर्दी नसलेल्या वेळात, दोन-तीन शाळांत जाऊन लेखी अर्ज द्या. आधार आणि सरलवरचा (शिक्षण विभागाच्या ऑनलाइन नोंदीतला) विद्यार्थी क्रमांक यांच्या प्रती जवळ ठेवा. शाळा सोडल्याचा दाखला आणि सहावीचा निकाल हाती आला की द्या. शाळेची बस कुठवर येते हे विचारल्याशिवाय घर पक्कं करू नका.

शनिवारी फ्लॅट बघा, चार किंवा पाच, जास्त नाही. प्रत्येक ठिकाणी बाथरूमचा नळ आणि स्वयंपाकघराचा नळ एकदम सोडा, फ्लश करा, दाब बघा. फोनला आतल्या खोलीत रेंज आहे का बघा. पश्चिमेच्या भिंतीवर हात फिरवा. ताजा रंग आणि खाली पापुद्रे असतील तर पावसाळ्यात ओल येणार. लिफ्टला जनरेटर आहे का, हे सासूबाईंसाठी विचारा. त्यांना सोबत आणलं असेल तर गेटपासून जवळच्या बाकापर्यंत त्यांना स्वतः चालू द्या आणि त्यांचं मत धरा.

घर आवडलं तरी जागेवर टोकन देऊ नका. मालकाच्या नावाचं इंडेक्स टू (घराच्या खरेदी-नोंदणीचा उतारा) किंवा मालमत्ता कराचं बिल आणि सोसायटीचं मेंटेनन्सचं बिल बघा. नाव जुळलं की पावती घेऊनच टोकन द्या. करार लिव्ह अँड लायसन्सचा, नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, आणि जबाबदारी मालकाची. मुद्रांक शुल्क मुदतीतलं एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या अनामत रकमेवरचं वार्षिक दहा टक्के व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का. भाडं ३२ हजार, अनामत दीड लाख, मुदत अकरा महिने धरली तर बेरीज ३,६५,७५० होते आणि शुल्क हजाराच्या आत-बाहेर. नोंदणी फी महापालिका हद्दीत एक हजार. एजंटने 'कागदपत्रांचे' म्हणून याच्या कितीतरी पट सांगितले तर आकड्यांची फोड मागा.

लॉक-इन, म्हणजे घर सोडता न येण्याची मुदत, तीन महिन्यांच्या वर मान्य करू नका, सहा म्हणाले तरी घासाघीस करा. तीन दिवसांत कितीही नीट पाहिलं तरी पावसाळ्यातला प्रवास प्रत्यक्ष केल्याशिवाय कळत नाही, आणि सप्टेंबरमध्ये बदलावंसं वाटलं तर दार उघडं हवं. नोटीस दोन्ही बाजूंनी एक महिना. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन देता येते, ती मालकाकडून त्याच आठवड्यात भरून घ्या.

घराचा ताबा १ जूनपासून घ्या आणि सामानाचा ट्रक पाच तारखेच्या आत आणा. मान्सून साधारण १० जूनच्या सुमारास इथे पोचतो, आणि राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. ट्रक ठरवण्याआधी सोसायटीत विचारून घ्या की सामान चढवायला लिफ्ट किती ते किती मिळते आणि रविवारी परवानगी आहे का. बऱ्याच ठिकाणी नसते, आणि कोल्हापूरहून रात्रभर आलेला ट्रक मग सोमवारपर्यंत गेटबाहेर उभा राहतो.